कळणे आणि वळणे : ग्रीक नीतिविचाराची प्रस्तावना

ग्रीकांचे शहाणपण आपल्यापर्यंत पोचते ते बहुतेक वेळा सुट्यासुट्या वचनांच्या रूपाने. स्वतःला ओळखावे, कशाचाही अतिरेक करू नये, ही डेल्फीच्या अपोलो-मंदिरावरची वचने आज दिनदर्शिकेच्या पानांवरही सापडतात. ही हौस जुनीच आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास क्लिआर्कस नावाच्या गृहस्थाने डेल्फीतली वचने काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि थेट आमूदर्याच्या काठी, आजच्या अफगाणिस्तानातील आय-खानूम या ग्रीक वसाहतीत, ती दगडावर कोरून लावली. त्या शिळेचा पाया उत्खननात मिळाला आहे. त्यावरच्या शेवटच्या पाच वचनांत अख्खे आयुष्य आखून दिले आहे: लहानपणी शिस्त, तारुण्यात संयम, मध्यमवयात न्याय, म्हातारपणी हिताचा सल्ला आणि मरताना खंत नसणे. यातले काहीही अमान्य करणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. जे सगळ्यांना मान्य आहे ते सगळे वागणुकीत का आणत नाहीत? ‘कळते पण वळत नाही’ असे आपण म्हणतो आणि विषय तिथेच सोडून देतो. ग्रीकांनी तो सोडला नाही. कळण्याच्या आणि वळण्याच्या मध्ये जी फट राहते ती कशाने पडते आणि कशाने बुजते, यावर ते काही शतके भांडत राहिले. ग्रीक नीतिविचाराचे मोठेपण वचनांपेक्षा या भांडणात अधिक आहे, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

हा प्रश्न अभ्यासिकेत जन्मला नाही. तो अथेन्सच्या भर सभेत जन्मला. इ.स.पू. ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरील मिटिलिनी या शहराने अथेन्सविरुद्ध केलेले बंड मोडले गेले. संतापलेल्या अथेन्सच्या नागरिकसभेने ठराव केला की शहरातील सगळे प्रौढ पुरुष मारावेत आणि बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांचे मन त्यांना खाऊ लागले आणि सभा पुन्हा भरली. इतिहासकार थ्युसिडिडीजने त्या सभेतली दोन भाषणे नोंदवली आहेत. क्लिऑन म्हणाला, एकदा ठरवले ते ठरवले. दया आणि वादविवादाची चटक या दोन्ही गोष्टी साम्राज्याला परवडत नाहीत. डायोडोटसने उलट बाजू मांडली, पण दयेच्या नावाने नव्हे. त्याचा मुद्दा मनुष्यस्वभावाचा होता. माणसे चुका करणारच, शिक्षा वाढवत वाढवत मृत्युदंडापर्यंत नेल्या तरी गुन्हे थांबलेले नाहीत, कारण आशा आणि वासना माणसाला पुढे ढकलत राहतात. मतदानात डायोडोटसची बाजू अगदी थोडक्यात जिंकली. लगेच दुसरे जहाज सुटले. पहिले जहाज सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होते. दुसऱ्या जहाजावरचे वल्हेकरी वल्ही न सोडताच दारूत आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ खात होते आणि आळीपाळीने झोपत होते. पहिले जहाज मात्र असल्या कामावर निघालेले असल्याने रेंगाळत चालले होते. अथेन्सचा सेनापती पॅकीस पहिला हुकूम वाचून अंमलबजावणीला लागणार, तेवढ्यात दुसरे जहाज बंदराला लागले.

या प्रसंगात उदात्तपणा शोधायचा मोह होतो, पण थ्युसिडिडीज तो होऊ देत नाही. बंडाचे म्होरके म्हणून हजाराहून अधिक लोकांना तरीही मारण्यात आले, हे तो त्याच ओघात सांगतो. आणि दुसरे जहाज नेहमी सुटतेच असेही नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिनुसीच्या आरमारी लढाईत अथेन्स जिंकले, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आले नाही. लोक खवळले. प्रत्येक आरोपीचा खटला वेगळा चालवावा, ही पद्धत बाजूला सारून सगळ्या सेनापतींचा निकाल एकाच मतदानात लावण्याची मागणी झाली. हे बेकायदा आहे असे काहींनी म्हणताच, लोकांना हवे ते करू न देणे म्हणजे अनर्थ, असा ओरडा झाला. सभेचे कामकाज पाहणाऱ्या मंडळात त्या दिवशी सॉक्रेटिस होता आणि प्रस्ताव मताला टाकायला तो एकटा शेवटपर्यंत नकार देत राहिला. हाती लागलेल्या सहा सेनापतींना मृत्युदंड झाला. थोड्याच काळात अथेन्सकरांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी आपल्याला भरीस घातले त्यांच्यावरच कारवाई करावी असा ठराव त्यांनी केला, असे झेनोफन सांगतो. कायदा काय हे त्या सभेला ठाऊक होते. चूक कळायला उशीर झाला असेही नाही, कारण ती आधीच सांगितली गेली होती. कमी पडली ती माहिती नव्हे.

सॉक्रेटिसचे प्रसिद्ध मत या पार्श्वभूमीवर वाचले की धक्का बसतो. प्लेटोच्या ‘प्रोटॅगोरस’ या संवादात तो म्हणतो की जाणूनबुजून वाईट कोणी करत नाही. जो वाईट करतो त्याला चांगले काय हे नीट कळलेलेच नसते. जवळचे सुख मोठे दिसते आणि लांबचे दुःख लहान, म्हणून माणूस फसतो. मोजमाप अचूक असते तर तो फसला नसता. अथेन्सच्या रंगभूमीवर याच्या नेमके उलट चित्र प्रेक्षकांनी तोवर पाहिलेले होते. युरिपिडीजची ‘मिडिया’ इ.स.पू. ४३१ मध्ये सादर झाली. पोटच्या मुलांना मारायला निघालेली मिडिया आपण किती भयंकर कृत्य करतो आहोत हे स्वच्छ शब्दांत सांगते आणि संताप आपल्या विचारापेक्षा बलवान आहे हेही कबूल करते. मग सॉक्रेटिस चुकला का? वरवर पाहता चुकला. पण त्याच्या लेखी ज्ञान म्हणजे पाठ केलेले वचन नव्हे. चारचौघांत उलटसुलट प्रश्न विचारले, भीती घातली, लालूच दाखवली, तरी जे हलत नाही ते ज्ञान. अशा ज्ञानाला तो स्वतः किती तयारीने पोचला होता हेही पाहावे लागते. पोटिडियाच्या वेढ्यात, कडाक्याच्या थंडीत तो अनवाणी बर्फावरून चालत असे, असे प्लेटोच्याच ‘सिंपोझियम’ या संवादात आल्किबायडीज सांगतो. ज्ञान पुरेसे आहे असे म्हणणाऱ्याने शरीराला आणि मनाला आयुष्यभर वळण लावलेले होते, ही गोष्ट त्याच्या मताइतकीच बोलकी आहे.

प्लेटोला गुरूचे उत्तर अपुरे वाटले असावे, कारण ‘रिपब्लिक’च्या चौथ्या खंडात तो एक विलक्षण गोष्ट सांगतो. लिऑन्टियस नावाचा माणूस पिरिअस बंदराकडून अथेन्सच्या तटाबाहेरून वर येत होता. वाटेत जल्लादाच्या जागेपाशी प्रेते पडलेली दिसली. पाहावेसे वाटत होते आणि किळसही येत होती. बराच वेळ त्याने तोंड झाकून घेतले, स्वतःशी झगडला आणि शेवटी हरला. डोळे फाडून प्रेतांकडे धावला आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देत म्हणाला की घ्या, पाहून घ्या एकदाचे पोटभर. इथे अज्ञान कुठेच नाही. लिऑन्टियसला सगळे कळते आहे, म्हणूनच तर तो स्वतःवर चिडला आहे. यावरून प्लेटो असे मांडतो की माणसाचे मन एकसंध नाही. त्यात विचार आहे, वासना आहे आणि या दोहोंपेक्षा वेगळा असा तेजाचा, संतापाचा, मानापमानाचा अंश आहे. तो विचाराच्या बाजूने उभा राहिला तर माणूस सावरतो. म्हणजे प्रश्न बदलला. कळते का, एवढे विचारून भागत नाही. कळल्यावर आतल्या आत कोण कोणाच्या बाजूने उभे राहते हे विचारावे लागते. आणि ती बाजू ऐन वेळी ठरत नाही, ती लहानपणापासून ठरत आलेली असते. म्हणून ‘रिपब्लिक’मध्ये संगीत, व्यायाम आणि गोष्टी यांच्यावर इतकी पाने खर्ची पडली आहेत.

या वादाला सर्वात पक्का आकार दिला तो ॲरिस्टॉटलने. मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे तो मुख्यतः विंदा करंदीकरांच्या ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’मुळे. ‘निकोमाखियन एथिक्स’ हा त्याचा दहा खंडांचा नीतिग्रंथ आपल्याकडे त्या मानाने दुर्लक्षित राहिला. त्याच्या सातव्या खंडात ॲरिस्टॉटल आधी सांगतो की सॉक्रेटिसचे मत डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींशी उघड विसंगत आहे. पण विरोधकाला झटकून टाकायची त्याची रीत नव्हे. तो विचारतो, मोहाच्या क्षणी ‘कळते’ म्हणजे नेमके काय असते? दारू प्यालेला माणूसही एम्पेडोक्लीज या कवी-तत्त्वज्ञाच्या ओळी घडाघडा म्हणू शकतो, नवा विद्यार्थीही सिद्धांत तोंडपाठ म्हणतो. पण ते अजून अंगात मुरलेले नसते, आणि मुरायला वेळ लागतो. मोहात सापडलेल्या माणसाचे ज्ञान या जातीचे. म्हणजे मिडिया आणि सॉक्रेटिस दोघेही आपापल्या परीने खरे ठरतात. दुसऱ्या खंडात याचा उपाय आहे. न्यायाची कामे करत करत माणूस न्यायी होतो, धैर्याची करत करत धीट होतो, जसा वीणा वाजवूनच वादक तयार होतो. नीतीची नुसती चर्चा करून आपण चांगले होऊ असे मानणारे लोक त्याला वैद्याचे बोलणे मन लावून ऐकणाऱ्या आणि सांगितलेले पथ्य न पाळणाऱ्या रोग्यांसारखे वाटतात. सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो हे त्याचे मतही याच अंगाने वाचावे. ते ‘मध्यममार्ग धरा’ असे गुळमुळीत सांगणे नव्हे. मायलो या मल्लाला पुरेल एवढा आहार व्यायामाला नुकती सुरुवात केलेल्याला जास्तच होणार. प्रत्येकाने आपला कल कुठे आहे ते ओळखावे आणि वाकडे लाकूड सरळ करताना ते उलट बाजूला ओढतात तसे स्वतःला उलट दिशेने ओढावे, असा त्याचा सल्ला आहे. ज्याला आपली खोड माहीत नाही त्याला हा सल्ला पाळताच येणार नाही.

ती खोड कशी दिसते हे पाहायचे तर ॲरिस्टॉटलचा शिष्य आणि त्याच्या विद्यापीठाचा वारस थिओफ्रास्टस याची ‘कॅरेक्टर्स’ ही छोटी पुस्तिका वाचावी. तीत तीस स्वभावचित्रे आहेत आणि उपदेश जवळजवळ नाहीच. चिक्कू माणसाच्या बायकोच्या हातून तांब्याचे क्षुल्लक नाणे पडते, तर हा भांडी, पलंग, पेट्या सगळे हलवून जमीन धुंडाळत बसतो. खुशमस्कऱ्या चालता चालता धन्याच्या अंगरख्यावरचा धागा उचलतो. स्वभाव म्हणजे मनात दडलेले काही गूढ नसून दिवसभरातल्या अशा बारीकसारीक कृतींची बेरीज आहे, हे इथे एकही सिद्धान्त न सांगता दाखवले आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सगळे सवयीवर सोपवले तर माणसाची जबाबदारी उरते कुठे? ज्याला लहानपणी वळण लागले नाही त्याला दोष कसा द्यायचा? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आपणही म्हणतोच. ॲरिस्टॉटलला हा आक्षेप ठाऊक होता. तिसऱ्या खंडात तो म्हणतो की हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण फेकायचा की नाही हे फेकणाऱ्याच्या हातात होते. स्वभावाचेही तसेच. हे उत्तर अर्धेच पुरते, कारण मुलाच्या हातातले दगड पुष्कळदा दुसऱ्याने दिलेले असतात. ते त्यालाही जाणवले असावे. म्हणून ग्रंथाच्या शेवटी तो व्यक्तीला सोडून कायद्याकडे वळतो. चांगले वळण लागायचे तर चांगले कायदे आणि चांगले नगर हवे, असे म्हणून तो नीतिशास्त्राची कडी राज्यशास्त्रात अडकवतो. व्यक्तीची जबाबदारी नाकारलेली नाही, ती समाजाशी वाटून घेतली आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो टाळून ग्रीकांची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे शहाणपण गुलामांच्या कष्टांवर उभ्या असलेल्या समाजाचे होते. अथेन्सच्या सभेत स्त्रियांना, गुलामांना आणि परक्यांना जागा नव्हती. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या खंडात ॲरिस्टॉटलने काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे म्हटले आहे. ‘त्या काळी सगळेच तसे मानत’ हा बचाव चालत नाही, कारण गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे आणि केवळ बळावर उभी आहे असे म्हणणारे लोक आहेत, याची नोंद त्याने त्याच ठिकाणी केली आहे. त्याचे मृत्युपत्र डायोजिनिस लेअर्टियस या चरित्रकाराने जपून ठेवले आहे. आपली सेवा करणाऱ्या गुलामांना विकू नये, वयात आल्यावर त्यांची लायकी असेल तर त्यांना मुक्त करावे, असे त्यात आहे. ग्रंथात चुकलेला माणूस मृत्युपत्रात थोडा सुधारलेला दिसतो. पण त्याला दोषमुक्त करायला एवढे पुरत नाही. मात्र स्वभाव घडतो तो सवयीने, हे त्याचेच मूळ म्हणणे धरले तर जन्मजात गुलाम ही कल्पना टिकत नाही. त्याच्या चुकीला उत्तर त्याच्याच विचारात आहे. पुढे हे उत्तर प्रत्यक्षात आले. एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढला, मुक्त झाल्यावर निकोपोलिसमध्ये त्याने शाळा चालवली आणि त्याची शिकवण मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाने आपल्या ग्रीक टिपणांत आदराने आठवली. एपिक्टेटसचा स्टोइक पंथ तत्त्वतः सॉक्रेटिसचा वारस होता. विकार म्हणजे चुकीचे निर्णय असे तो मानी. पण आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे नुसते समजून घेऊन थांबा, असे एपिक्टेटस कधी सांगत नाही. तो रोजचा सराव सांगतो, लहान नुकसानीपासून सुरू करायला लावतो. ज्ञानवाद्यांनाही शेवटी वळणाचाच आधार घ्यावा लागला.

तिसरा आक्षेप आपल्या काळाचा आहे. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. व्याख्यान द्यायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या वाटेत एक माणूस दारात कोसळल्यासारखा खोकत बसवला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. व्याख्यानाचा विषय वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली बोधकथा असला तरी त्याने लक्षणीय फरक पडला नाही. यावरून काही तत्त्वज्ञांनी असा निष्कर्ष काढला की ‘स्वभाव’ असे काही नसतेच, प्रसंगच माणसाला वागवतो. तेव्हा ग्रीकांचा सगळा डोलारा कोसळला. निष्कर्ष घाईचा आहे. बोधकथा ठाऊक असूनही पाय न थांबणे हा तर वळण न लागलेल्या ज्ञानाचाच नमुना झाला. शिवाय प्रसंगाचा जोर ग्रीकांना नवा नव्हता. शांततेच्या, सुबत्तेच्या काळात माणसे बरी वागतात आणि युद्ध हा क्रूर शिक्षक त्यांची मने परिस्थितीच्या पातळीला आणून ठेवतो, असे थ्युसिडिडीजने कॉर्सिरातील यादवीचे वर्णन करताना लिहिले आहे. पक्का सद्गुण दुर्मीळ असतो हे ॲरिस्टॉटलही गृहीत धरतो. बहुतेक माणसे मोह आणि निग्रह यांच्या मध्ये कुठेतरी असतात. शिवाय फार घाईत असूनही ते १० टक्के का थांबले, हा प्रश्न प्रसंगवाद्यांनाही सोडवावा लागतोच.

हे सगळे आपल्याकडे संतांनी सांगितलेच आहे, मग ग्रीकांकडे कशाला जायचे, असेही कोणी विचारील. मनाला आवर घालण्याचा विचार आपल्याकडे विपुल आहे यात शंका नाही, आणि कोणाचे आधी हा वाद निष्फळ आहे. अशोकाचा ग्रीक आणि ॲरेमाइक भाषांतला लेख १९५८ मध्ये कंदाहारला सापडला, तेव्हापासून हे स्पष्ट आहे की इकडची नीती ग्रीकांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगितली गेली होती. ग्रीकांकडे जायचे कारण वेगळे. त्यांनी नीतीचा प्रश्न सार्वजनिक वादात उतरवला, विरोधकाची बाजू तितक्याच ताकदीने लिहून ठेवली आणि शिष्याने गुरूला खोडले तेव्हा दोघांचेही ग्रंथ जपले. उपदेशाला मान डोलावणे सोपे असते; वादात मात्र वाचकाला स्वतःची बाजू ठरवावी लागते. समूहाने घाईत ठराव करायचे, संतापात कोणाचा तरी बळी द्यायचा आणि मग हळहळायचे, हे काही इ.स.पू. पाचव्या शतकात संपलेले नाही. ते थांबवायचे तर शहाणे नागरिक हवेत तसेच पुन्हा विचार करायला जागा देणारे नियमही हवेत, हा मिटिलिनी आणि अर्गिनुसी यांमधला फरक प्रत्येक लोकशाहीने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

म्हणून या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाला एक विनंती. सुभाषितांचे संग्रह सध्या बाजूला ठेवा. आधी थ्युसिडिडीजमधला मिटिलिनीचा वाद वाचा, आणि क्लिऑनचे भाषण डायोडोटसइतकेच मनापासून वाचा, कारण त्याचे बोलणे आपल्याला किती पटते हे कळणे गरजेचे आहे. मग ‘प्रोटॅगोरस’चा शेवटचा भाग, मग लिऑन्टियसची गोष्ट, मग ‘निकोमाखियन एथिक्स’चे दुसरे आणि सातवे खंड. या क्रमाने गेलात तर एकाच प्रश्नावर चार मोठी माणसे एकमेकांना कशी अडवतात ते दिसेल. त्यांच्यापैकी कोणाशीही सहमत होण्याची घाई करू नका. पण जे पटेल त्याची निदान एक गोष्ट रोजच्या वागण्यात करून पाहा. ॲरिस्टॉटलच्या हिशेबी त्याखेरीज हे वाचन पुरे होत नाही.